देवीचा चेहरा कुणी करायचा

नवरात्रातली तिसरी माळ चढली तरी अक्षयाचा फोन आला नाही, तेव्हा हेमाला कळायला लागलं की या वर्षी तिचा फोन येणारच नाही.

एरवी तो फोन पहिल्या-दुसऱ्या माळेलाच यायचा. तांदूळ किती धुवायचे, दळायला कोण नेणार, हॉलची किल्ली कुणाकडे आहे, असलं काहीबाही विचारायला. खरं तर विचारायची गरज नसायची, कारण ते सगळं हेमाच ठरवायची आणि अक्षयाला ते माहीत होतं. पण महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून तिने फोन करायचा, काकूंचं ऐकून घ्यायचं, मग बाकीच्यांना निरोप द्यायचा, अशी ती पद्धतच पडून गेली होती.

रत्नागिरीतल्या त्यांच्या आळीत अष्टमीची महालक्ष्मी सगळ्या घरांची मिळून एकच बसते. लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतल्या मुली सकाळी हॉलवर जमून पूजा करतात. मग तांदळाच्या पिठाची उकड काढून देवीचा मुखवटा करायचा, तो घागरींच्या उतरंडीवर बसवायचा, साडी नेसवायची, दागिने घालायचे आणि संध्याकाळी देवी उभी करायची. दिवेलागणीनंतर तिच्यापुढे बायका धुपाच्या धुरावर धरलेल्या घागरी फुंकतात. साडी कुणीही नेसवू शकतं. चेहरा मात्र हेमा करायची. तिच्या सासूचे हात थरथरायला लागले तेव्हा ते काम हिच्याकडे आलं आणि मग हिच्याकडेच राहिलं. लग्न होऊन आळीत आलेल्या कितीतरी मुलींनी आपली पाचही वर्षं हेमाने केलेल्या चेहऱ्यापुढे पुजली होती.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात हेमाचा नवरा गेला. गोपाळकृष्ण मराठे, शाळेत विज्ञान शिकवायचे. संध्याकाळी बाजारातून पालेभाजी घेऊन आले, खुर्चीत बसले आणि पाणी आणेपर्यंत संपलं होतं. गेल्या नवरात्रात वर्ष व्हायचं होतं, घरात सणवार नव्हते, म्हणून ती हॉलवर गेली नाही. तेव्हाचा मुखवटा बाकीच्या बायकांनी मिळून केला. तो कसा झाला होता ते तिला अनेकींनी येऊन सांगितलं, आणि सांगताना सगळ्याच हसल्या होत्या. या वर्षी मात्र तसलं काही आड येत नव्हतं. वर्षश्राद्ध झालं होतं. म्हणून हेमाने भाद्रपद संपतासंपता वेळणेश्वरच्या बहिणीकडून तांदूळ मागवून ठेवले होते, आणि दुसऱ्या माळेला ते धुवून माजघरात पंख्याखाली पसरलेही होते.

चौथ्या माळेला तिने सुनेला विचारलं. स्वानंदी कॉलेजात शिकवायला जायची. सकाळच्या घाईत डबा भरत होती.

"यंदा मुखवट्याचं काय ठरलंय गं?"

स्वानंदीने डब्याचं झाकण दोनदा लावून पाहिलं. ती म्हणाली, तिला नीटसं माहीत नाही, अक्षयाताई बघतायत वाटतं, सगळ्याजणी मिळून करणार आहेत असं काहीतरी ग्रुपवर आलं होतं. मग तिला उशीर झाला आणि ती गेली.

ग्रुपवर आलं होतं. हेमाने आपला फोन काढला. मंडळाच्या ग्रुपवर तीही होती, आणि त्यावर तसलं काही आलेलं नव्हतं. सुप्रभात होतं, नऊ रंगांच्या साड्या होत्या, मोदकाचं पीठ कुणाकडे चांगलं मिळतं हे होतं. म्हणजे दुसरा ग्रुप होता. ज्यात ती नव्हती.

तिने माजघरातले तांदूळ गोळा केले आणि स्वतः गिरणीत नेऊन दळून आणले. गिरणीवाला लवू म्हणाला, "मावशी, मुखवट्याचं ना?" त्याला ती हो म्हणाली. निदान त्याला तरी कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

पाचव्या माळेला ती अक्षयाच्या घरी गेली. अक्षया पतपेढीत नोकरीला होती, नुकतीच घरी आली होती. हेमाकाकूंना दारात बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि लगेच सावध झाला. तिने बसवलं, पंखा लावला, कोकम सरबत दिलं, गुडघ्यांची चौकशी केली. हेमाने सरबत अर्धं संपवलं आणि सरळ विचारलं की यंदा चेहरा कोण करतंय.

अक्षया म्हणाली, त्या सगळ्याजणीच करून बघणार आहेत. शिकायला हवंच ना कधीतरी. किती वर्षं काकूंवरच भार टाकायचा. मोबाइलवर छान व्हिडिओ आहेत, त्यात अगदी सगळं दाखवतात.

"मग मी येते शिकवायला," हेमा म्हणाली.

अक्षयाने उठून पंखा वाढवला. मग म्हणाली की काकू, तुम्हाला त्रास नको.

"कसला त्रास?"

"म्हणजे... तुम्हाला तिथे बसून काही वाटू नये म्हणून. आमचं कुणाचं काही नाही हो. आम्ही कुठे असलं मानतो? पण सगळ्याच तशा नसतात ना. जुन्या बायका असतात. उगाच कुणीतरी काही बोलायचं."

कोण बोललं, असं हेमाने विचारलं. अक्षयाने कुणाचं नाव घेतलं नाही. पण दोन-तीनदा विचारल्यावर ती म्हणाली की मोठ्यांचा मान ठेवावा लागतो, आता गोदाकाकूंसारखी माणसं आहेत आळीत.

घरी येताना हेमाला जाणवलं की आपण भांडायला गेलो होतो आणि भांडण झालंच नाही. अक्षयाने तिला सरबत दिलं होतं आणि निघताना घरच्या शहाळ्याचं खोबरं बांधून दिलं होतं. ती पुडी हातात घेऊन भांडणार तरी कुणाशी. एखादीने तोंडावर सांगितलं असतं, तुझं कुंकू गेलं, तू देवीला हात लावू नकोस, तर तिला चार शब्द सुनावता आले असते. मनात ते शब्द तयारही होते. ते बाहेर काढायला कुणी जागाच देत नव्हतं.

घरी आल्यावर तिने पिठाचा डबा उघडून बघितला आणि परत लावला. संध्याकाळचा भात लागला. देवदत्त, तिचा मुलगा, जेवायला बसला. त्याला करपलेला भात अजिबात आवडत नसे, तरी त्याने ताटातला सगळा संपवला, आणि त्याचाही तिला राग आला.

सातव्या माळेला दुपारी ती गोदाकाकूंकडे गेली. गोदाकाकू आळीच्या टोकाला राहायच्या, पुढे अंगण आणि मागे नारळी-पोफळींचं आगर. ऐंशी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या, पण कान शाबूत. त्यांच्याबद्दल हेमाच्या मनात पूर्वीपासून थोडी धास्ती होती. नवी नवरी असताना पहिल्या पूजेत तिच्या हातून तातू, म्हणजे सोळा पदरांचा तो पिवळा दोरा, निसटून समईत पडला होता आणि गोदाकाकूंनी सगळ्यांदेखत तिला फटकारलं होतं. म्हणजे बोलतील तर या बोलतील. जाताना ती मनात म्हणत होती की बरंच झालं, एकदाचं होऊन जाऊ दे.

गोदाकाकू ओटीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. हेमाने समोर बसून विचारलं की तुमचं माझ्याबद्दल काही म्हणणं आहे का.

"माझं? कसलं म्हणणं?"

हेमाने सांगितलं. मुखवट्याचं, अक्षयाचं, मोठ्यांच्या मानाचं. सांगता सांगता तिचा आवाज चढला. गोदाकाकूंनी हातातलं थांबवलं.

"अगो, मी कशाला बोलू? मागल्या वर्षी तो भोपळा बघून मलाच कसंतरी झालं. देवीचं नाक एकीकडे नि तोंड एकीकडे. मी आपली वाट बघत होत्ये यंदा तू येशील म्हणून." मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "पण तुझ्या देवदत्तानेच सांगितलंन ना अक्षयाला. आईला यंदा बोलावू नका म्हणून. मला वाटलं तूच सांगायला लावलंस."

हेमा उठली तेव्हा तिला पायरी नीट दिसली नाही. गोदाकाकूंनी मागून काहीतरी विचारलं, तोवर ती अंगण ओलांडून गेली होती.

देवदत्त सहाच्या सुमारास घरी यायचा. तोवर तिने काय केलं ते तिला नंतर आठवेना. भांडी घासली असावीत, कारण ती घासलेली होती. तो आला, बूट काढले, हातपाय धुतले. स्वानंदी त्याच्याआधीच आली होती, तिने चहा ठेवला. तिघं टेबलाशी बसली. हेमाने चहाला हात लावला नाही.

"अक्षयाला तू सांगितलंस?"

त्याने स्वानंदीकडे पाहिलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. डब्याचं झाकण दोनदा का लावलं गेलं ते आता कळलं.

देवदत्त हो म्हणाला. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. मग त्याने सांगायला सुरुवात केली, हळूहळू, कप बशीवर फिरवत. चैत्रात अक्षयाकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आईला आणायला तो स्कूटर घेऊन गेला होता. दारात उभा होता, आत जायला लाजला, म्हणून खिडकीतून बघत राहिला. कुणीतरी हळदीकुंकवाचं ताट फिरवत होतं. ते आईच्या अलीकडच्या बाईपर्यंत आलं, तिला कुंकू लावलं, आणि आईला ओलांडून पलीकडच्या बाईकडे गेलं. आई हातात वाटी घेऊन बसली होती. तिने पदराने डोळे पुसले. तेव्हाच त्याने ठरवलं की आईवर परत ही वेळ येऊ द्यायची नाही.

"तुला तसं बसलेलं मला बघवलं नाही," तो म्हणाला.

हेमा ऐकत राहिली. तिला ती दुपार आठवत होती, पण ताट आठवत नव्हतं. वाटी आठवत होती. वाटीत आंब्याची डाळ होती, आणि अक्षयाने तिच्यात हिरव्या मिरच्या ठेचून नको तेवढ्या घातल्या होत्या. गोपाळकृष्णांना तशीच लागायची. नाकाडोळ्यांतून पाणी काढत खायचे आणि अजून वाढ म्हणायचे. पहिला घास घेतल्यावर तिला ते सगळं आठवलं होतं, थोडं मिरचीने आणि थोडं त्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढून ताट गेलं असेल. गेलंही असेल.

तिने त्याला ते सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं की तो हसेल. तो हसला नाही, त्याचा चेहरा उतरला, आणि ते बघून तिला आणखीच वैताग आला. एवढं सगळं, दुसरा ग्रुप, सरबत, शहाळ्याचं खोबरं, आळीभर कुजबूज, आणि सगळ्याच्या मुळाशी मिरची.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू जाते म्हणाली असतीस."

"मग?"

स्वानंदी म्हणाली, आई, मी त्यांना म्हटलं होतं तुमच्याशी बोला म्हणून. हेमा तिला म्हणाली की तू त्याला म्हणालीस, मला नाही म्हणालीस. स्वानंदीने मान खाली घातली. हेमाला आपलं बोलणं जरा लागट झालं असं वाटलं, पण तिने ते मागे घेतलं नाही.

तिने देवदत्तला तिथेच, आपल्यासमोर अक्षयाला फोन लावायला सांगितला. स्पीकर सुरू ठेवायला सांगितला. त्याने सांगितलं की माझी चूक झाली, आई येणार आहे. पलीकडून अक्षयाचा सुटल्यासारखा आवाज आला. ती म्हणाली, अगदी छान झालं, मला तर बाई केवढं टेन्शन आलं होतं त्या उकडीचं. काकूंना म्हणावं, सावकाश या, आम्ही सगळं तयार करून ठेवतो.

"काही तयार करू नका म्हण," हेमा म्हणाली. पण तोवर त्याने फोन ठेवला होता.

अष्टमीला सकाळी स्वानंदी पूजेसाठी लवकर गेली. हेमा घरचं आटपून, पिठाचा डबा घेऊन हॉलवर पोचली, तेव्हा आत मुलींच्या पूजा संपत आल्या होत्या. रेशमी साड्या, ओले केस, केवड्याचा वास. बऱ्याच जणी उठून जवळ आल्या, काकू आल्या, काकू आल्या करत. ते खोटं नव्हतं. तिलाही बरं वाटलं. मग ती मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि पाहते तो मोठ्या पातेल्यात उकड काढून तयार होती.

अक्षयाने मोठ्या उत्साहाने सांगितलं की काकूंची दगदग वाचावी म्हणून त्यांनी सकाळीच करून ठेवली. पिठात तेलही सढळ हाताने घातलं होतं, व्हिडिओत तसं होतं.

हेमाने बोट लावून बघितलं. उकड गार झाली होती. वरचा थर सुकला होता, आत गुठळ्या होत्या. उकड गरम असताना, हात भाजतो तेव्हा मळायची असते, तरच ती लोण्यासारखी होते आणि भेगाळत नाही. हे तिने आजवर प्रत्येकीला सांगितलं होतं आणि प्रत्येकीने मान डोलावली होती. तिने आपल्या डब्यातल्या पिठाची नवी उकड काढायची म्हटलं, तर कळलं की गॅस सकाळीच संपला होता आणि दुसरं सिलिंडर आणायला कुणी गेलेलं नव्हतं.

मग तिने आहे त्याच उकडीला हात घातला. पाण्याचा हात लावून मळत राहिली. मनगटं दुखायला लागली. गुठळ्या फोडल्या की दुसऱ्या सापडायच्या. भोवती बायका बघत उभ्या होत्या, कुणी मोबाइल धरून होतं, कुणी सांगत होतं की व्हिडिओत असं नव्हतं. उपड्या तांब्यावर पहिला चेहरा थापला, कपाळ झालं, गाल झाले, नाक चिमटीत धरून वर काढलं, आणि हात बाजूला केल्याबरोबर नाकापासून हनुवटीपर्यंत भेग गेली. तिने तो मोडला. दुसरा केला, त्याचा एक गाल तेलामुळे ओघळला. तोही मोडला.

तिसऱ्या वेळी तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. नीट नाही सांगितलं, खेकसलीच. स्वानंदी तेवढी राहिली आणि न विचारता ओलं फडकं पिळून पिळून देत राहिली.

तिसरा चेहरा टिकला. पण हेमाला हवा तसा तो नव्हता. तिच्या देवीचे ओठ नेहमी किंचित मुडपलेले असायचे, हसू येतंय आणि देवी ते दाबतेय असे. या वेळी ओठ सरळ आले. भुवया काढताना काजळाची काडी जाड टेकली आणि दोन्ही भुवया नाकाकडे जवळ गेल्या. तिने पुसून बघितलं तर पांढऱ्यावर काळपट डाग राहायला लागला. अक्षया आत डोकावली आणि म्हणाली, काकू, यंदा देवी जरा रागावल्यासारखी वाटते, नाही? ओठ थोडे वर करता येतील का?

"नाही येणार. मोडेल," हेमा म्हणाली. आणि मुखवटा तसाच उचलून द्यायला सांगितला.

दुपारी घरी जाऊन ती आडवी झाली, पण डोळा लागला नाही. संध्याकाळी स्वानंदीबरोबर परत आली. देवदत्तही आला, हॉलबाहेरच्या कट्ट्यावर आळीतल्या दोघा-तिघा पुरुषांबरोबर बसला. आत हिरवी साडी, नथ, मोहनमाळ, गजरे घालून देवी उभी होती. दिव्यात तो चेहरा दुपारपेक्षा बरा दिसत होता. गोदाकाकू खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हेमाला खुणेने जवळ बोलावून सांगितलं की नाक सरळ आलंय.

आरती झाली. मग घागरी सुरू व्हायच्या आधी हळदीकुंकवाचं ताट निघालं. पूजेला बसलेल्या मुलींपैकी एकीच्या हातात ते होतं, दिशा तिचं नाव, वैशाखात लग्न होऊन आलेली. भिंतीलगत बसलेल्या बायकांना ती एकेक करून हळदीकुंकू लावत येत होती. हेमा त्याच ओळीत होती. कपाळाला नेहमीची लहान टिकली होती. ती तिने कधी काढली नव्हती आणि घरात तिला कुणी काढायला सांगितलीही नव्हती.

दिशा तिच्यासमोर आली आणि थांबली. तिने बोट कुंकवात बुडवलं होतं. तिने मागे वळून पाहिलं, कुणीतरी सांगावं म्हणून. अक्षया गजरा नीट करायला लागली. गोदाकाकूंनी डोळे देवीकडे लावले. ज्या बायका सकाळी उठून जवळ आल्या होत्या, त्यांतली एकही वर बघत नव्हती. कुणी नको म्हणालं नाही. लाव असंही कुणी म्हणालं नाही.

"काकू, तुम्हाला..." दिशा पुटपुटली आणि तिथेच अडली.

हेमाला तिची दयाही आली आणि संतापही आला. संताप तिच्यावरचा नव्हता, पण समोर तीच होती.

"लावायचं तर लाव, नाहीतर पुढे जा," ती म्हणाली. "अशी उभी राहू नकोस."

मुलगी पुढे गेली.

हेमाला ते लागलं. मिरची नव्हती, डाळ नव्हती, ते नुसतंच लागलं. पलीकडे स्वानंदीने ते पाहिलं होतं. ती भरभर येऊन दिशाच्या हातून ताट घ्यायला लागली. हेमाने तिला हाताने थांबवलं.

"आता नको. तुझ्याकडचं कुंकू मला घरात रोज आहेच."

मग ती उठली. मध्ये घागरी मांडल्या होत्या, धुपाटण्यातून धूर निघत होता. अजून कुणी घागर उचललेली नव्हती, पहिली घागर नव्या मुलींनी उचलायची असा रिवाज होता. हेमाने पितळेची घागर उचलली, धुरावर धरली, तोंडाशी लावली आणि फुंकली. पहिला आवाज फाटका आला. दुसरा भरून आला, घागरीच्या पोटातून, आणि हॉलभर घुमला. तिचे पाय हलायला लागले. तिला श्वास पुरत नव्हता तरी ती फुंकत राहिली. थोड्या वेळाने स्वानंदीने दुसरी घागर घेतली. मग आणखी एकीने. मग बऱ्याच जणींनी, आणि मग कोण कुठे आहे ते धुरात कळेनासं झालं. दिशाही त्यात होती. अक्षयाही. हेमाला कुणी अडवलं नाही. पण तिच्याजवळ येऊन कुणी काही बोललंही नाही.

धाप लागली तेव्हा तिने घागर खाली ठेवली, देवीला नमस्कार केला आणि बाहेर आली. देवदत्त कट्ट्यावरून उठला. दाराच्या बाजूने त्याला आतलं सगळं दिसलं होतं हे तिला त्याच्या तोंडावरून कळलं. स्वानंदी चपला शोधून मागून आली.

आळीतून ती तिघं चालत निघाली. कुठल्यातरी घरात टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

"तू म्हणत होतास तेच झालं," हेमा म्हणाली. "म्हणून टाक एकदा."

तो म्हणाला की त्याला तसं काही म्हणायचं नाही.

"मला लागलं. चैत्रात नव्हतं लागलं, आज लागलं. पण ते माझं मला लागू दे. तू आधीच जाऊन दारं लावून घेऊ नकोस."

तो बरं म्हणाला. ते बरं किती खरं होतं ते तिला कळलं नाही. लहानपणी अभ्यासाला बसतो म्हणतानाही तो असंच बरं म्हणायचा.

घरी आल्यावर तिने उपास सोडला. स्वानंदीने वरणभात केला होता, लिंबू चिरून ठेवलं होतं. मनगटं इतकी दुखत होती की तिला लिंबू पिळता येईना. देवदत्तने हात पुढे केला. तिने ते त्याला दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून, वेळ लावून, तिने ते पिळलं.

सकाळी विसर्जनाआधी मुखवटा उतरवायला ती गेली. उकड रात्रीत वाळून कडक झाली होती आणि गालावर नवी भेग पडली होती. अक्षया तिथे होती, किल्ली घेऊन उभी. तिचे डोळे जागरणाने सुजले होते. ती म्हणाली, काकू, कालचं मनावर घेऊ नका.

हेमा म्हणाली की घेतलंय. आणि ती घागरींवरून मुखवटा सोडवायला लागली.